टॉवेलवर ‘विल्यम’ टाकण्याआधी

आमच्याकडे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी, म्हणजे दोऱ्याचे लूप असलेल्या, टॉवेलवर नावांची एम्ब्रॉयडरी होते आणि परदेशी ऑर्डरच्या यादीत विल्यम हमखास असतो. याद्या तपासायचं काम माझ्याकडे आहे. नवीन पोरं विचारतात, “मॅडम, नाव टाइप होऊनच आलंय, आता काय तपासायचं?” पुष्कळ तपासायचं असतं. माणूस अंघोळ करून रोज ज्या टॉवेलला तोंड पुसणार, त्यावर त्याचं नाव बरोबरच पाहिजे.

आधी नावाची ओळख करून घ्या. नाव जुनं, जर्मन कुळातल्या भाषांमधलं. ‘विल’ म्हणजे इच्छा, निर्धार आणि ‘हेल्म’ म्हणजे शिरस्त्राण. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, तेव्हापासून ते तिथं रुजलं. इंग्लंडच्या गादीवर या नावाचे चार राजे होऊन गेले. मराठीशीही या नावाचं नातं आहे: बंगालमधल्या सेरामपूरहून 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढणारे मिशनरी केरी हे विल्यमच. उच्चार विल्यम, जोर ‘विल’वर.

आता हाक मारायचं नाव. विल्यमला घरचे विल, बिल, बिली किंवा विली म्हणतात. रॉबर्टचा रॉब आणि रॉबचा बॉब होतो, तसाच विलचा बिल. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स हे दोघेही कागदावर विल्यमच आहेत. म्हणून यादीत विल्यम आणि ईमेलमध्ये बिल दिसला, तर ती दोन माणसं आहेत असं समजून दोन टॉवेल काढू नका, पण आपल्या मनानं एक नाव खोडूही नका. विचारा. लियम हे याच नावाचं आयरिश रूप असलं तरी आता स्वतंत्र नाव म्हणून चालतं, ते विल्यमचं लघुरूप धरू नका.

सगळ्यात जपून करायचं काम मोनोग्रामचं, म्हणजे नावाच्या आद्याक्षरांच्या नक्षीचं. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत इंटी पेरू, म्हणजे घराण्याचं नाव, आधी लिहितात. त्यामुळे आपल्या पोरांना यादीतला पहिला शब्द आडनाव वाटतो. इंग्रजांत विल्यम पुढे आणि आडनाव शेवटी. तीन अक्षरं सारख्या उंचीची असतील तर क्रम सरळ ठेवा: नाव, मधलं नाव, आडनाव. मधलं अक्षर मोठं असेल तर मात्र त्या जागी आडनाव येतं. विल्यम हेन्री गेट्स हे नाव घ्या. सारख्या उंचीत डब्ल्यू, एच, जी. मधलं मोठं असेल तर डब्ल्यू, मोठा जी, मग एच. डिझाइन पंच करणाऱ्याला, म्हणजे मशीनसाठी नक्षीची फाइल बनवणाऱ्याला, हे तोंडी सांगून भागत नाही, ऑर्डरशीटवर लिहूनच द्या.

आता टाक्याकडे बघा. या नावात आय, एल, एल, आय अशा चार उभ्या रेघा लागोपाठ येतात. बारीक लहान लिपीत त्या एकमेकींना चिकटतात आणि आयचा ठिपका टेरीच्या लूपमध्ये बुडून जातो. लांबून नुसती जाळी दिसते. अशा वेळी अक्षरांची उंची वाढवा किंवा सगळं नाव कॅपिटलमध्ये घ्या. वरून पाण्यात विरघळणारी फिल्म लावल्याशिवाय टेरीवर अक्षर उठत नाही. स्पेलिंगमध्ये दोन एल आहेत ना, हे बोट ठेवून मोजा. त्यातला एक गळला तरी नाव वाचता येतं, म्हणून नजर फसते.

ईमेल लिहिताना ‘मिस्टर विल्यम’ लिहू नका. मिस्टरपुढे आडनाव येतं. ‘सर’ ही पदवी असेल तर उलट, तिच्यापुढे विल्यम लागतं. आणि समोरच्यानं खाली ‘बिल’ अशी सही केली, तर पुढच्या ईमेलला ‘डिअर बिल’ खुशाल लिहा, त्यात उद्धटपणा नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारताना जीभ अडखळते, पण त्यानं स्वतः ते नाव पुढे केलेलं असतं.

नमुन्याचा फोटो पाठवताना दोनच प्रश्न विचारा: टॉवेलवर विल्यम हवं की घरचं नाव, आणि मोनोग्राममध्ये आडनाव मध्ये मोठं हवं का. लेखी होकार आल्यावरच टॉवेल फ्रेमला चढवा.