होमस्कूलिंग करायचंय? आधी काहीच विकत घेऊ नका

मुलाला शाळेतून काढायचं ठरलं की आपण पहिलं काम करतो ते खरेदीचं. मी पण तेच केलं, परदेशी करिक्युलमचा महागडा सेट मागवला, पहिल्याच आठवड्यात बर्फ आणि मेपलची पानं, आणि आमची पोरगी आपली खिडकीतून जांभळावरची खार बघतेय. तो सेट अजून माळ्यावर पडलाय.

तर पहिले दोन-तीन महिने नुसतं बघा. ह्याला डीस्कूलिंग म्हणतात, म्हणजे शाळेची सवय सुटू देणं, आणि खरं सांगू का, मुलांपेक्षा आईबाबांनाच ते जास्त लागतं. एक वही करा, मूल आपणहून कशात रमतं, कुठे वैतागतं, डोकं सकाळी चालतं का संध्याकाळी, एवढंच लिहा. मागच्या पानावर स्वतःचं लिहा, म्हणजे घरी कोण किती तास असतं, तुमची चिडचिड साधारण किती वाजता सुरू होते वगैरे (हे लिहाच, टाइमटेबल त्यावरच ठरतं).

मग पद्धत बरीचशी आपोआप सुचते. मूल लहान असेल आणि सगळं हाताने करून बघायचं असेल तर माँटेसरी, त्याला लाकडी साहित्याचे सेट लागतातच असं नाही, डाळ निवडणं, पाणी ओतणं, शेंगा सोलणं हे ओट्यापाशी होतं. गोष्टींचं वेड असेल तर शार्लट मेसनची पद्धत बघा, छोटे धडे, सकस पुस्तकं, ऐकून झालं की मुलाने आपल्या शब्दात सांगायचं आणि रोज बाहेर भटकायचं. अनस्कूलिंग, म्हणजे ठरलेला अभ्यासक्रम न ठेवता मुलाच्या आवडीमागे जाणं, ऐकायला सोपं वाटतं, पण तिथे पोराच्या प्रश्नांमागे दिवसभर पळावं लागतं, दोघंही नोकरीला असाल तर विचार करा. आमच्याकडे गणित पुस्तकातून आणि बाकी सगळी मिसळ आहे.

साहित्य फुकटात भरपूर आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' ह्या मुलांच्या मासिकाचे जुने अंक पण ऑनलाइन आहेत, स्टोरीवीव्हर ह्या गोष्टींच्या साइटवर मराठी गोष्टी आहेत, आणि अरविंद गुप्तांच्या साइटवरची टाकाऊतून केलेली खेळणी म्हणजे आमची अख्खी विज्ञानाची लॅब.

परीक्षेचं मात्र मूल बारा वर्षांचं व्हायच्या आत ठरवा. एनआयओएसची (केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड) दहावी १४ पूर्ण झाल्यावर देता येते, किमान पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, त्यामुळे बरेच जण तिकडे जातात. आपल्या राज्य बोर्डाला बाहेरून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म. कोणीतरी तुम्हाला मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण देईलच, दहावी-बारावी न करता २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीला गेली, पण तिच्याकडे आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स (प्रोग्रॅमिंगच्या) ऑलिम्पियाडची तीन पदकं होती आणि आयआयटीत बारावीशिवाय तिलाही प्रवेश नव्हता.

आणि हो, शाळा सोडल्याचा दाखला नीट जपून ठेवा, १७ नंबरला मूळ प्रत मागतात. आमचा दोन दिवस घर उपसल्यावर लाइट बिलांच्या फायलीत सापडला.