संक्रांतीच्या फोटोसेशनची तयारी: चंद्रकळा, हलव्याचे दागिने आणि ठाण्यातला छोटा हॉल

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा आणि रथसप्तमी कधी आहे ते बघा. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीलाच येते, पण रथसप्तमी तिथीप्रमाणे येत असल्याने तोपर्यंत चालणारा हा फोटोंचा हंगाम दरवर्षी सारखा नसतो. २०२५ साली १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी असे तीन आठवडे मिळाले, त्यात शनिवार-रविवारचे सहा दिवस. २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीलाच आली आणि सुट्टीचे दिवस राहिले चार. ठाण्यात नोकरी करणारी जोडपी मधल्या वारी वेळ देतीलच असं नाही, म्हणून किती बुकिंग घ्यायची हे या आकड्यावर ठरवा. संक्रांतीचा दुसरा दिवस, करीदिन, बरीच घरं टाळतात. तो मोकळा धरून एडिटिंगला ठेवावा. हंगाम छोटा असेल तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून सेशन सुरू करा. दिवसातही मोजून-मापून: घरी जाऊन शूट करायचं असेल तर दोन, एकाच जागी सगळ्यांना बोलवायचं असेल तर तीन. पाचपाखाडीहून कासारवडवलीला जायचं असलं की घोडबंदर रोडची वाहतूक कोंडी तुमचं तिसरं बुकिंग खाऊन टाकते.

मागणी साधारण तीन प्रकारची: पहिल्या संक्रांतीचं जोडपं, बोरन्हाणाचं बाळ, आणि हळदीकुंकवाच्या निमित्ताने नऊवारी नेसून एकदाचे नीट फोटो काढून घ्यायला आलेली बाई. तिघांचा दर एक ठेवू नका. बाळाचं खरं शूट वीस-पंचवीस मिनिटांचं, पण त्याची झोप आणि दूध सांभाळून दोन तास जातात. दर सांगताना फोटो किती, कधी मिळणार, मेकअप आणि साडी नेसवणं धरलंय का आणि हलव्याचे दागिने कोणी आणायचे, एवढं लिहूनच पाठवा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि बाळ आजारी पडलं तर तारीख एकदा बदलून मिळेल हे त्यातच लिहा. थंडीत सर्दी-ताप हमखास होतो, त्यामुळे शेवटच्या रविवारची एक वेळ मुद्दाम राखून ठेवलेली बरी. बाळाचे फोटो तुमच्या पेजवर टाकायचे असतील तर आईवडिलांची लेखी परवानगी वेगळी घ्या. पैसे दिले म्हणजे परवानगी दिली असं होत नाही.

हलव्याचे दागिने भाड्याने देण्याच्या फंदात पडू नका. एकदा अंगावर घातलेला सेट घामाने चिकट होतो, काटे झडतात आणि पुढच्या वर्षापर्यंत पिवळा पडतो. ग्राहकाने स्वतःचा सेट घ्यावा, आणि तो डिसेंबरच्या मध्यालाच सांगून ठेवावा. बाईसाठी मुकुट, नथ, कानातले, मंगळसूत्र किंवा हार, बाजूबंद, बांगड्या आणि कंबरपट्टा. नवऱ्याला हार आणि हातात नारळ. बाळाला मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या आणि बासरी. तुमच्या पेटीत एक जादा हार आणि बांगड्यांचा जोड असू द्या, कारण दोरा तुटतो तो नेमका शूटच्या दिवशी. सेट हातात आला की ग्राहकाला हा निरोप जसाच्या तसा पाठवा: "ताई, दागिने फ्रिजमध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, मुंग्यांपासून लांब ठेवा." फ्रिजमधून काढलेल्या थंड साखरेवर बाहेरच्या हवेतलं पाणी धरतं आणि पाच मिनिटांत दाणे बोटांना चिकटायला लागतात. दुरुस्तीला सुई आणि पांढरा दोरा न्या, गोंद नको. बाळ मुकुटाची झालर तोंडात घालणार हे गृहीत धरायचं. बाळाच्या हाराला आतून मऊ सुती पट्टी शिवून घ्या, नाहीतर काटेरी हलव्याने मान लाल होते आणि तो लालपणा प्रत्येक फोटोत दिसतो.

अंगावर चढवायचा क्रमही ठरलेला असावा. आधी मेकअप आणि केस, मग साडी, मग सोन्या-मोत्याचं जे असेल ते, आणि हलवा सर्वात शेवटी, लाइट लावून चाचणी झाल्यावर. अर्ध्या-पाऊण तासात हलव्याचं काम संपवायचं. बिनहलव्याचे फोटो त्यानंतर. नऊवारी नेसवायला अर्धा-पाऊण तास लागतो, शिवलेली असेल तर दहा मिनिटं. म्हणून "शूट ११ वाजता" याचा अर्थ ११ वाजता साडी नेसून तयार, हे स्पष्ट सांगा. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ लागेल, ते आधीच विचारून घ्या.

चंद्रकळा, म्हणजे काळी साडी, फोटोत खुलवणं हेच या थीमचं खरं कसब. काळ्या कापडावर कापसाचा तंतू, पावडर, कोंडा, सगळं उठून दिसतं. चिकट रोलर आणि वाफेची इस्त्री यांच्याशिवाय घराबाहेर पडू नका. पार्श्वभूमी काळपट, करडी किंवा गडद निळी असली की पदर कुठे संपतो ते कळत नाही. झेंडूचा पिवळा, हळदी, विटकरी किंवा मळकट पांढरा पडदा घ्या, आठ बाय दहा फुटांचा, म्हणजे दोघं मावतील. पतंग लावायचे तर चार-पाचच, एका कोपऱ्यात. काहीजण पडदाभर पतंग चिकटवतात आणि मग चेहरा शोधावा लागतो.

कॅमेरा ऑटोवर सोडला की तो काळी साडी बघून अंधार आहे असं समजतो आणि फोटो उजळवतो: साडी करडी दिसते, हलवा जळून पांढरा डाग होतो. मॅन्युअलवर या, म्हणजे सेटिंग स्वतः ठरवा. शटर १/१२५, एफ ५.६, आयएसओ २०० पासून सुरुवात करा आणि फ्लॅशची ताकद मुकुटाच्या दाण्यांकडे बघून ठरवा. कॅमेऱ्यातली जळलेला भाग लुकलुकवणारी सूचना चालू ठेवा. मुकुट लुकलुकला की ताकद एक पायरी खाली. एफ १.८ चा, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप मोठं उघडण्याचा, मोह इथे आवरायचा. ८५ एमएम लेन्सने दोन मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम सहा सेंटीमीटर खोली स्पष्ट येते. डोळे येतात, कानातले आणि मुकुटाची मागची बाजू विरघळते. ज्यासाठी आठवडाभर आधी दागिने आणले तेच धूसर!

मुख्य लाइट तीन-चार फुटी सॉफ्टबॉक्समधून (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), चेहऱ्याच्या बाजूने पंचेचाळीस अंशांवर, डोळ्यांपेक्षा थोडासाच वर. जास्त वर नेला की नथीची सावली ओठावर पडते आणि मिशीसारखी दिसते. दुसऱ्या बाजूला पांढरा फोम बोर्ड. दुसरा फ्लॅश असेल तर तो मागून, खांद्याच्या कडेला, अगदी कमी ताकदीवर. त्याच्या रेघेमुळे काळी साडी पडद्यापासून सुटते.

जागा मापायची टेप पिशवीत असावी. डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायला फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ एमएमला चौदा फूट अंतर लागतं, ५० एमएमला साडेआठ. त्यात पडद्यापासून माणसाचं अंतर चार फूट आणि तुम्ही उभे राहणार ती जागा धरा, म्हणजे ५० एमएमनेही हॉलची चौदा-पंधरा फूट लांबी हवी. दहा बाय बाराच्या खोलीत कमरेपर्यंतचे फोटो घ्या आणि तसं आधीच सांगा. ३५ एमएमने जवळ जाऊन उभा फोटो घेतला तर पाय बारीक आणि डोकं मोठं येतं. घराचा व्हिडिओ आधी मागवा. प्लग कुठे, सोफा सरकतो का, सोसायटीच्या गेटवर नाव नोंदवावं लागतं का, पाहुण्यांच्या गाडीला जागा आहे का, हेही विचारून ठेवा.

बोरन्हाणाला वेगळी पिशवी. जांभळी नाक्याच्या बाजारातून अर्धा किलो चुरमुरे, पाव किलो बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, थोडा तिळगूळ आणि पाच सुगडी घेतली की पुरतं. डोक्यावर मात्र चुरमुरेच ओता. बोरं, ऊस आणि कागदात गुंडाळलेल्या गोळ्या बाळाच्या भोवती मांडायच्या. वरून पडलेली गोळी डोळ्याला लागते आणि बोराची बी घशात अडकू शकते. शूट संपेपर्यंत एका मोठ्या माणसाचं काम फक्त बाळाच्या हाताकडे बघण्याचं. वाडगं डोक्यापासून फूटभर उंचीवर, ओतणारे हात एकाच बाजूने, म्हणजे आजीचा कोपर चेहऱ्यासमोर येत नाही. जमिनीवर दोन साध्या चादरी अंथरा: पहिल्या खेपेचे चुरमुरे गोळा करून दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला वापरता येतात. चौथ्या खेपेला बाळ रडतंच.

पडणारे चुरमुरे हवेत थांबलेले हवेत. हॉलच्या एलईडीत शटरचा वेग वाढवला तर फोटोत आडवे पट्टे येतात, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. पट्टे टाळायला १/१०० वर राहावं लागतं आणि तिथे चुरमुऱ्यांच्या रेघा होतात. उपाय सोपा: हॉलचे दिवे बंद, पडदे ओढलेले, आणि छोटा फ्लॅश कमी ताकदीवर. कमी ताकदीला त्याची चमक फारच थोडा वेळ टिकते, ती दाणे जागच्या जागी धरते. ट्यूबचा हिरवट रंगही त्याने आपोआप जातो.

बाहेरचे फोटो हवेत असा हट्ट असेल तर तलावपाळीला (मासुंदा तलावाकाठी) सकाळी सव्वासात ते साडेआठ. संध्याकाळी गर्दीत नऊवारी नीट दिसत नाही. लाइट आणि स्टँड लावणार असाल तर आधी महापालिकेकडे परवानगीची चौकशी करा. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय व्यावसायिक शूट नको. पतंग हातात द्यायचा तर साधा सुती दोरा लावून. नायलॉन मांजा राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ पासून देशभर बंद केला आहे, फोटोपुरताही आणू नका.

तीन निवडक फोटो त्याच संध्याकाळी पाठवा, बाकीचे आठवड्याभरात आणि काहीही झालं तरी रथसप्तमीच्या आत. निघताना ओला फडका मारून साखरेचे कण पुसा, पडदा घडी करण्याआधी गच्चीवर झटका. मुंग्या लागलेला पडदा पुढच्या घरी उघडला तर त्या घराचं बुकिंग पुढच्या वर्षी येत नाही.