पाठीतील पाण्याची चयापचय तपासणी : ठाणे-नवी मुंबईतील पालकांसाठी पूर्वतयारी

मुलाला औषधांना दाद न देणारे झटके येत असतील, हातापायांच्या विचित्र हालचाली होत असतील किंवा विकास कारण न कळता खुंटला असेल, तर बालमेंदूविकारतज्ज्ञ कधीकधी पाठीतील पाणी, म्हणजेच मेरुद्रव, तपासण्यास सांगतात. मेंदूज्वराच्या शंकेने हे पाणी ठाण्यातील व नवी मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत नेहमीच काढले जाते. आनुवंशिक चयापचय विकारांसाठी काढताना मात्र सुई टोचण्यापूर्वीचे काही तास आणि नंतरची काही मिनिटे यांवर निष्कर्षाची विश्वासार्हता ठरते.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न असा विचारावा की, नेमकी शंका कोणत्या विकाराची आहे. ग्लूट-१ या वाहक प्रथिनाच्या कमतरतेत रक्तातील साखर मेंदूपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. या तपासणीसाठी मूल साधारण चार ते सहा तास उपाशी असावे लागते आणि रक्ताचा नमुना पाठीत सुई टोचण्याच्या आधी घ्यावा लागतो, कारण रडण्याने आणि ताणाने रक्तातील साखर वाढते व पाण्यातील साखरेचे रक्तातील साखरेशी असलेले गुणोत्तर फसवे येते. हे गुणोत्तर एरवी ०.६ च्या आसपास असते. या विकारात ते बहुधा ०.५ च्या खाली जाते. निदान झाल्यास कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) आहाराने झटके पुष्कळदा आटोक्यात येतात, त्यामुळे ही खटपट सार्थकी लागते. परंतु काही चयापचय विकारांत उपवासच घातक ठरतो; तेव्हा बाळाला किती तास उपाशी ठेवायचे, हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अनुभवावरून ठरवू नये.

ग्लायसिन हे अमिनो आम्ल वाढण्याच्या विकारातही रक्त आणि पाणी यांचे नमुने एकाच वेळचे लागतात. पाण्यात रक्त मिसळले तर दोन्हींतील ग्लायसिनचे गुणोत्तर निरुपयोगी होते, आणि व्हॅल्प्रोएट हे झटक्यांचे औषध ग्लायसिनचे प्रमाण वाढवू शकते. चालू औषधांची यादी, शेवटच्या मात्रेच्या वेळेसह, कागदावर लिहून न्यावी. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये.

सर्वांत नाजूक तपासणी डोपामिन, सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनांच्या विघटनातून बनणाऱ्या पदार्थांची. त्यांचे प्रमाण पाण्याच्या पहिल्या थेंबांत कमी आणि पुढच्या थेंबांत जास्त असते, म्हणून कोणत्या क्रमांकाच्या नळीत किती पाणी घ्यायचे हे प्रयोगशाळाच ठरवून देते. नळ्या खाटेपाशीच ड्राय आइसमध्ये (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) गोठवाव्या लागतात, काहींना उजेडही चालत नाही. रक्तमिश्रित पाणी असल्यास गोठवण्यापूर्वी ते यंत्रात वेगाने फिरवून रक्तपेशी वेगळ्या कराव्या लागतात. नमुना बहुधा शहराबाहेर जातो. त्यामुळे प्रयोगशाळेच्या खास नळ्या आल्या आहेत का, ड्राय आइस कोण आणणार आणि उणे ७० अंशांखालचा फ्रीजर कुठे आहे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कोंडीची पालकांना फार धास्ती असते, पण ड्राय आइस पुरेसा असेल तर कोंडीने बिघडत नाही. माझ्या मते खरा धोका वॉर्डातल्या टेबलावर तासभर पडून राहिलेल्या नळीला असतो. आठवड्याच्या मधल्या दिवसाची सकाळ मागून घ्यावी, म्हणजे पार्सल शनिवार-रविवारी अडकणार नाही.

टोचण्याची भीती अनेकांना वाटते. सुई कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली, टाकली जाते. बधिर करणारे मलम मागितल्यास मिळू शकते. रक्त न गोठण्याचा आजार, त्या जागी जंतुसंसर्ग किंवा डोक्यातील दाब वाढल्याची लक्षणे असल्यास ते आधीच सांगावे.

हल्ली काही विकारांत जनुकतपासणी आधी करून पाणी काढणे टाळता येते, म्हणून तो पर्यायही विचारावा. परळचे केईएम रुग्णालय हे राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ नुसार उत्कृष्टता केंद्र आहे. मध्य रेल्वेच्या मार्गावर असल्याने ठाणेकरांना तेथे दुसरे मत घेणे अवघड नाही. निकाल पाहताना संदर्भमूल्ये मुलाच्या वयोगटाचीच आहेत ना, हे तपासावे, कारण तान्ह्या बाळांत डोपामिन, सेरोटोनिनपासून बनणाऱ्या पदार्थांची प्रमाणे मुळातच जास्त असतात. उरलेला नमुना फेकून न देता गोठवून ठेवण्याची विनंती लेखी करावी. पुढे नवी शंका निघाली तर पुन्हा टोचावे लागत नाही.