घरच्या कॉम्प्युटरसाठी बॅकअप सॉफ्टवेअर घ्यायचंय? आधी रिस्टोर करून बघा

2019 च्या दिवाळीत आजीला समोर बसवून तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. एकूण अकरा फाइली, डी ड्राईव्हमध्ये वेगळा फोल्डर करून ठेवलेल्या. पुढे एका संध्याकाळी लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधून टिक टिक आवाज यायला लागला आणि दुसऱ्या दिवशी तो चालूच होईना, तरी मी निर्धास्त होतो कारण रोज रात्री नऊला बॅकअप व्हायचा आणि कोपऱ्यात हिरवी टिक यायची, चौदा महिने रोज येत होती. नवी डिस्क टाकली, रिस्टोर केलं, डेस्कटॉप आला, डॉक्युमेंट्स आले, फोटो आले, ओव्यांचा फोल्डर काही आला नाही. ते सॉफ्टवेअर फक्त सी ड्राईव्हमधले ठरलेले फोल्डर उचलत होतं, डी ड्राईव्हला त्याने कधी हातच लावला नव्हता. आजी तोवर गेली होती. आत्याला व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या तीन ओव्या तिच्या फोनमध्ये सापडल्या, बाकीच्या आठ गेल्या त्या गेल्याच.

तेव्हापासून कोणी विचारलं की कोणतं बॅकअप सॉफ्टवेअर चांगलं, तर मी एकच सांगतो, बॅकअप कसा घेतं ते नंतर बघा, परत कसं देतं ते आधी बघा.

सॉफ्टवेअर शोधायच्या आधी अर्धा तास वही घेऊन बसा. घरात काय काय आहे आणि नक्की कुठे आहे ते लिहून काढा. फोटो, पोरांचे प्रोजेक्ट, टॅलीचा डेटा, सातबारा आणि खरेदीखतांचे स्कॅन, इन्कम टॅक्सच्या फाइली, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं लिखाण. यातलं शेवटचं हमखास राहतं. युनिकोडच्या आधीचं श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेलं असेल तर फाइल परत येऊनही उपयोग नाही, तो फॉन्ट नसला की स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, म्हणून ते फॉन्टसुद्धा एका फोल्डरमध्ये कॉपी करून बॅकअपमध्ये घ्या. टॅलीचा डेटा फोल्डर प्रत्येकाकडे वेगळ्या जागी असतो, तो टॅली उघडून बघूनच लिहा. आणि सगळं मिळून किती जीबी भरतं तेही मांडून ठेवा, डिस्क केवढी घ्यायची ते त्यावरूनच ठरणार आहे.

आता एक गोष्ट जी बहुतेक जणांची चुकते. गुगल ड्राईव्ह किंवा वनड्राईव्ह चालू आहे म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका, ते सिंक आहे. तुम्ही इकडे फाइल उडवली की तिकडेही उडते, 30 दिवस कचऱ्याच्या डब्यात राहते आणि मग कायमची जाते. चुकून उडालेल्या फोल्डरची आठवण आपल्याला सहा महिन्यांनी येते, तेव्हा काय करणार. शिवाय फुकटात गुगल 15 जीबी देतं, त्यातच जीमेल आणि फोटो दोन्ही आले, वनड्राईव्ह 5 जीबी देतं. विंडोज 11 मध्ये जे विंडोज बॅकअप नावाचं अॅप आहे तेही वनड्राईव्हवरच जातं, म्हणजे परत 5 जीबीच. सिंक असू द्या, कामाचं आहे, पण त्याच्यावर विसंबू नका.

मग सॉफ्टवेअर. याचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक फाइली उचलतं आणि दुसरं अख्ख्या डिस्कची इमेज घेतं, म्हणजे विंडोज, सगळी सॉफ्टवेअर, सेटिंग सगळ्यासकट. इमेजचा फायदा असा की डिस्क गेली तर नवी टाकून कॉम्प्युटर जसाच्या तसा उभा राहतो, पण जागा जास्त लागते आणि एखादी फाइल काढायला तेच सॉफ्टवेअर लागतं. घरच्या माणसाला माझ्या मते फाइलींचा बॅकअप आधी हवा, विंडोज काय परत टाकता येतं.

विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आयतीच आहे, विंडोज 8 पासून. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन चालू करायची, एक्स्टर्नल डिस्क जोडायची, मग ती दर तासाला बदललेल्या फाइलींची कॉपी घेत राहते आणि जुनी व्हर्जनपण ठेवते, त्यामुळे कालचं चांगलं असलेलं पत्र आज बिघडवलं तर कालचं मिळतं. पण ती लायब्ररी (म्हणजे विंडोजने डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा नावांनी एकत्र दाखवलेले फोल्डर) आणि डेस्कटॉपसारखे ठरलेले फोल्डरच घेते. डी ड्राईव्हमधला फोल्डर हवा असेल तर त्याच्यावर राइट क्लिक करून तो लायब्ररीत घालावा लागतो. हे माहीत असेल तर फाइल हिस्टरी चांगली आहे.

फ्रीफाइलसिंक मला घरासाठी सगळ्यात जास्त आवडतं, आणि कारण अगदी साधं आहे, ते फाइली जशाच्या तशा कॉपी करतं. डिस्क काढली, शेजारच्यांच्या कॉम्प्युटरला लावली, फोल्डर उघडला, फोटो दिसला. उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं तरी तुमचं काही अडत नाही. फक्त त्यातला मिरर हा पर्याय समजून घ्या, मिररमध्ये इकडून उडालेली फाइल डिस्कवरूनही उडते, त्यामुळे एकतर अपडेट निवडा नाहीतर उडालेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचं व्हर्जनिंग चालू करा.

इमेज घ्यायची असेल तर वीम कंपनीचं विंडोज एजंट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात बॅकअपचं एकच ठरलेलं काम (जॉब) ठेवता येतं पण घराला तेवढं पुरतं. त्यात बॅकअप संपला की एक्स्टर्नल डिस्क आपोआप इजेक्ट करायची सोय आहे, ती लावाच. कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर ते जोडलेली प्रत्येक डिस्क लॉक करतं, बॅकअपची डिस्कही सोडत नाही. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं तेव्हा हॉस्पिटलंसुद्धा अडकली होती. आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर सर्रास येतं, म्हणून कोणी पेनड्राईव्हमधून क्रॅक केलेलं पेड बॅकअप सॉफ्टवेअर देत असेल तर कृपा करून घेऊ नका, चोराच्या हातात चावी देण्यासारखं आहे ते.

मॅक असेल तर फार शोधू नका, 2007 पासून टाइम मशीन आहे त्यात. मागच्या 24 तासांचे दर तासाचे, महिन्याभराचे रोजचे आणि त्यामागचे आठवड्याचे बॅकअप ते ठेवतं, डिस्क भरली की सगळ्यात जुने काढून टाकतं. मॅकमध्ये जेवढी जागा त्याच्या दुप्पट डिस्क घ्या म्हणजे झालं.

डुप्लिकाटी बऱ्याच जणांना माहीत असेल, ओपन सोर्स आहे, क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेत, कुलूप लावून बॅकअप पाठवतं. चांगलं आहे पण पासफ्रेज, म्हणजे त्या कुलपाचा पासवर्ड, हरवली तर तो डेटा तुम्हालाही उघडत नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही. लाइट बिलाच्या फाइलीत कागदावर लिहून ठेवा, आणि बायकोला किंवा भावाला तो कागद कुठे आहे ते सांगून ठेवा. विंडोज 11 च्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे कुलूपबंद असते, ते कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की पण त्याच कागदावर.

फुकट की पेड याचा फार विचार करत बसू नका. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती कित्येकांची आवडती होती, तिचा सपोर्ट 1 जानेवारी 2024 ला संपला. पेड असलेलंही असं बंद होऊ शकतंच. म्हणून बघायचं ते हे की उद्या सॉफ्टवेअर गेलं तर तुमच्या फाइली तुम्हाला उघडता येतील का.

क्लाउड बॅकअप घेणार असाल तर आधी अपलोड स्पीड बघा, डाउनलोडचा नाही. 300 जीबी डेटा 30 एमबीपीएसने चढवायला साधारण 22 तास लागतात, 10 एमबीपीएस असेल तर जवळजवळ तीन दिवस. मध्ये लाइट गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं की पहिल्यापासून, हे नक्की तपासा. गावाकडे तर हा पहिला प्रश्न.

आता खरी परीक्षा. जे सॉफ्टवेअर निवडलं त्याच्यावर भरवसा ठेवायच्या आधी हे करा. डी ड्राईव्हमध्ये मराठी नावाचा एक फोल्डर बनवा, त्यात आणखी एक, त्यात आणखी एक, नावं मुद्दाम लांब ठेवा, आत मराठी नावाच्या चारपाच फाइली टाका, एक फोटो, एक व्हिडिओ, एक ऑडिओ. बॅकअप घ्या. मग तो फोल्डर उडवा, कचऱ्यातूनही काढा, आणि बॅकअपमधून दुसऱ्याच जागी परत आणा. नावं नीट आली का, की प्रश्नचिन्हं आली? सगळ्या फाइली मोजून तेवढ्याच आहेत का? व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का?

मराठी नावांचं एवढं का सांगतोय तर विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला 260 अक्षरांची जुनी मर्यादा आहे, आणि आपल्या काना मात्रा वेलांट्या, पाय मोडलेलं व्यंजन सगळं वेगळं मोजलं जातं. "आजीच्या" हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, कॉम्प्युटर तो सात मोजतो. त्यामुळे फोल्डरात फोल्डर असले की मर्यादा पटकन संपते आणि काही सॉफ्टवेअर अशा फाइली गुपचूप सोडून देतात, नोंद फक्त लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः लिहून ठेवतं त्या नोंदींच्या फाइलीत. तो लॉग निदान पहिल्या वेळी तरी वाचाच.

इमेज घेत असाल तर त्या सॉफ्टवेअरचा रिकव्हरी पेनड्राईव्ह बनवून कॉम्प्युटर त्याच्यावरून चालू करून बघा, एक्स्टर्नल डिस्क त्याला दिसते का एवढंच. डिस्क गेल्यावर पेनड्राईव्ह बनवायला दुसऱ्याचा कॉम्प्युटर शोधत फिरायची वेळ येऊ नये. आणि बॅकअपची डिस्क फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेली नको, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरमुळे रूढ झालेला 3-2-1 चा नियम घराला पण लागू पडतो, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. माझ्याकडे आता लॅपटॉप, कपाटातली डिस्क आणि आत्याच्या घरी दुसरी डिस्क. आत्याकडची सणावाराला जाणं होतं तेव्हा बदलून आणतो. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की कॉम्प्युटरला लावलेली डिस्क काढून ठेवायची, आणि कोकणात राहत असाल तर हवाबंद डब्यात, औषधाच्या बाटलीत येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी डिस्क लावतो, बॅकअप घेतो आणि एक कुठलीतरी फाइल परत काढून उघडतो, बहुतेक वेळा त्या तीन ओव्यांपैकी एक, शेवटपर्यंत ऐकतो. मग डिस्कवरच्या चिकटपट्टीवर मार्करने तारीख लिहितो आणि कपाटात ठेवतो.