सागरी जिवांचं वर्गीकरण करताना या चुका टाळा (आणि जरा दम धरा)

बडोद्यात समुद्र नाही. आहे ती विश्वामित्री आणि तिच्यातल्या मगरी. त्यामुळे आमच्या पोरांना समुद्रातले जीव भेटतात ते बरणीत, पुस्तकातल्या चित्रात, नाहीतर वर्षातून एकदा कच्छच्या आखाताकाठच्या नराऱ्याच्या सहलीत. दांडिया बाजारातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवतो आणि दर वर्षी त्याच चुका नव्या हस्ताक्षरात तपासतो. आता कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नावात मासा दिसला की मासा

तारामासा, जेलीफिश, कटलफिश. तिघांपैकी एकही मासा नाही. तारामासा कंटकचर्मी, म्हणजे काटेरी कातडीच्या प्राण्यांतला, जेलीफिश निडारिया या डंखधारी प्राण्यांच्या संघातली, कटलफिश मृदुकाय, म्हणजे गोगलगायीच्या भाऊबंदांपैकी. देवमासा तर सस्तन. गंमत म्हणजे वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसनेही १७३५ मध्ये आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ या ग्रंथात देवमासे माशांतच घातले होते. सस्तनांत आणले ते त्याच ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत. पण त्याने चूक सुधारली, तुमच्यासारखी वहीत तशीच ठेवली नाही.

उलटी गफलत व्हेल शार्कची. नावात व्हेल, पण आहे मासा, कल्ल्यांनी श्वास घेणारा. तो सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर येतो आणि २००१ पासून त्याच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे. शंका आली की मी शेपटी बघायला सांगतो. माशाची शेपटी उभी आणि डावी-उजवीकडे हलणारी, देवमाशाची आडवी आणि वर-खाली हलणारी.

आमच्या मावशीचं समुद्रफेनही यातलंच. मांडवीकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातून ती पुडी आणायची आणि सांगायची, “समुद्राचा फेस वाळला की असा होतो रे.” एक दिवस तिच्यासमोरच तुकडा मोडला. आत कागदासारखे पातळ थर, दोन थरांमध्ये पोकळी. वर लिंबू पिळलं तर फसफसलं, म्हणजे चुना. ते कटलफिशच्या अंगातलं कवच आहे. त्या पोकळ्यांत वायू आणि पाणी कमी-जास्त करून ती पाण्यात वर-खाली होते. मावशी म्हणाली, “असेल बाबा, पण दुकानदार फेनच म्हणतो.” दुकानदाराला माफ आहे, परीक्षेला बसणाऱ्याला नाही.

बाहेरून दिसलं तेच खरं मानणं

ही माझी खास डोकेदुखी. नराऱ्याला ओहोटीच्या वेळी खडकांवर पांढरे टणक सुळके चिकटलेले दिसतात, बोटाच्या पेरापेक्षा लहान. दर वर्षी कुणीतरी ठामपणे सांगतो, “सर, कवच आहे, म्हणजे मृदुकाय.” एका वर्षी एक हुशार मुलगा तर वहीत लिहून, मोबाइलवर फोटो काढून मोकळा झाला. ॲपनेही त्याला शिंपलाच सांगितला. म्हटलं, बस इथेच. त्याला चहाची घाई होती, सारखं म्हणायचा, “सर, झालं की.” मी बसवून ठेवलं. भरतीचं पाणी हळूहळू चढलं, सुळका बुडाला, वरची झाकणं उघडली आणि आतून पिसासारखे पाय बाहेर येऊन पाणी ओढायला लागले. उघड, बंद, उघड, बंद. पोरगं चहा विसरलं.

ते बार्नेकल. संधिपाद, खेकडा-कोळंबीच्या कुळातलं. पूर्वीचे मोठमोठे अभ्यासकही त्याला मृदुकायांत घालत होते. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसनने त्याची पिल्लं पोहताना पाहून दाखवलं की ही तर कवचधारी संधिपादांची पिल्लं. पुढे डार्विनने याच प्राण्यावर आठ वर्षं घालवली. आठ! आणि आमच्या मुलांना आठ मिनिटं जड जातात. माझी सवय सांगतो: समुद्राकाठी पहिला अर्धा तास वही उघडायचीच नाही, नुसतं बघायचं. पाय किती, ते कसे हलतात, तोंड कुठे आहे, पिल्लू कसं दिसतं. आणि हो, तिथलं काही उचलायचं नाही. ते सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तुमचं संग्रहालय नाही.

बरणीवर विश्वास

ही चूक मी स्वतः केलेली आहे. शिकत असताना एका महाविद्यालयातल्या जुन्या बरणीत समुद्रकाकडी होती, म्हणजे तारामाशाच्याच संघातला काकडीसारखा प्राणी. तिच्या जाती ओळखायच्या तर कातडीतले चुन्याचे बारीक कण बघावे लागतात. कातडीचा कण काचपट्टीवर घ्यायचा, ब्लीचचा थेंब टाकायचा, मांस विरघळलं की खाली बटणं, मेजं, नांगर अशा आकारांची नक्षी दिसते. आम्ही तीन संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो. काहीच नाही. शेवटी ऐटीत लिहिलं, “या जातीत कण आढळत नाहीत.” मॅडमनी वाचलं, बरणीचं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, “फॉर्मलिन कधी बदललं होतं?” फॉर्मलिन म्हणजे नमुना टिकवायचं द्रावण. ते जुनं झाल्यानं आम्लधर्मी होतं आणि ते आम्ल चुना खाऊन टाकतं. जात नवी नव्हती, बरणी शिळी होती. तेव्हापासून समुद्रकाकडी असो की तारामासा, माझ्याकडे अल्कोहोलमध्येच. मुलं म्हणतात फॉर्मलिन स्वस्त पडतं. पडू दे.

बाकीच्या, भराभर

घोड्याच्या नालेसारखा खेकडा हा खेकडा नव्हे. त्याचं नातं कोळी आणि विंचवाशी.

‘ब्लू बॉटल’ जेलीफिश नाही. ती एक वसाहत आहे. वेगवेगळी कामं करणारे अनेक जीव एकत्र तरंगतात. पण डंख खरा, तेव्हा वर्ग ठरवायला हात लावू नका.

ॲसिडिया ही खडकावरची पाण्याची पिशवी दिसते, पण तिच्या पिल्लाला शेपटीत पृष्ठरज्जू असतो, म्हणजे पाठीच्या कण्याच्या जागी असणारा लवचीक दांडा. म्हणून ती तारामाशापेक्षा आपल्या जवळची.

तारामासा पाच बाजूंचा म्हणून त्याला जेलीफिशशेजारी बसवू नका. त्याचं पिल्लू डावी-उजवी बाजू असलेलं, सरळ आपल्यासारखं असतं.

आणि शास्त्रीय नाव हाताने लिहिताना खाली रेघ मारा. यंदा नव्या तुकडीत एकीने रेघ मारली, पण संपूर्ण पानाखाली.