औष्णिक वीज केंद्राजवळच्या आरोग्य पाहणीत गावाची समिती: कधी बसवावी, काय धरून ठेवावे

आरोग्य पाहणीची गाडी गावात येते तेव्हा बहुतेक गोष्टी आधीच ठरलेल्या असतात: कोणती गावे, किती घरे, कोणते आजार, नमुने कुठे तपासायचे. त्यानंतर सरपंचांना 'सल्लागार' म्हणून बोलावले, तर त्यांच्या वाट्याला खुर्ची आणि चहा येतो. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, परळी, दीपनगर अशा केंद्रांच्या परिसरात गावकऱ्यांची समिती बसवायची असेल तर ती प्रश्नावली छापण्याआधी बसवा. त्यानंतर तिला बदलता येण्यासारखे फार थोडे उरते.

माणसे

नऊ ते तेरा जण पुरेत. त्यात निम्म्या बायका असाव्यात, कारण चुलीचा धूर, पाण्याचा हंडा आणि लेकरांचा खोकला यांची खरी माहिती त्यांच्याकडे असते. एक आशाताई, राखेवर काम करणारा एखादा कंत्राटी मजूर, नदीत जाळे टाकणारा कोणी आणि एक शिक्षक हवेतच. निवड ग्रामसभेच्या ठरावाने करा आणि ठरावाची नक्कल संशोधन संस्थेला द्या. राख वाहतुकीचा किंवा कोळशाचा ठेका ज्यांच्या घरात आहे त्यांनी तसे लेखी सांगावे. त्यांना वगळण्याची गरज नाही, मात्र ठेका लपवलेला असला की पुढे निकालावरचा विश्वास जातो. केंद्राच्या अधिकाऱ्याने उत्तरे द्यायला जरूर यावे, पण त्याला मत नसावे.

बैठकीच्या दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचा खर्च पाहणीच्या अंदाजपत्रकात आधीच धरून घ्या. ही तरतूद राहून गेली की तिसऱ्या बैठकीपासून फक्त पगारदार पुरुष येऊ लागतात आणि समिती कागदावरच उरते.

आधी लेखी घ्यायच्या गोष्टी

संशोधन संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी असल्याशिवाय माणसांवर पाहणी करता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समाजाच्या सहभागाला जागा आहे, तिचा आधार घ्या. मंजुरीसाठी जाणाऱ्या आराखड्यालाच एक पानाचा करार जोडून घ्या:

- प्रश्नावलीचा मराठी मसुदा समितीला किमान तीन आठवडे आधी मिळेल.
- समितीची हरकत मान्य झाली नाही तर कारण लेखी कळवले जाईल.
- ज्याचा नमुना घेतला त्याला त्याचा अहवाल किती दिवसांत आणि कोण समजावून सांगेल.
- तपासणीत आजार सापडला तर उपचार कुठे, कोणाच्या खर्चाने.
- निकाल वर्तमानपत्राआधी गावात सांगितला जाईल.
- पैसे देणाऱ्याला निकाल रोखता येणार नाही. समितीलाही नाही.

शेवटचा अर्धा मुद्दा बहुतेकांना खटकतो. तरीही तो ठेवा. नको असलेला निकाल दडपण्याचा अधिकार गावाने मागितला, तर पैसे देणाऱ्याला तो नाकारायचा कोणत्या तोंडाने?

कागद गोळा करणे

पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र, हवा मोजणीची आकडेवारी, केंद्राची राख साठवणाऱ्या तळ्याजवळच्या विहिरींचे पाणी-अहवाल हेही मागवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये शुल्क आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रातल्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत असावा लागतो. म्हणून हवा, पाणी आणि राख यांचे अर्ज वेगवेगळे करा, नाहीतर तिन्ही विषय एकत्र परत येतात.

हवेचे आकडे वाचताना सरासरी कोणत्या काळाची आहे ते पाहा. पीएम २.५ ची (हवेतल्या अतिसूक्ष्म धुळीची) राष्ट्रीय मर्यादा वर्षाच्या सरासरीला ४० आणि २४ तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. वर्षाचा आकडा २४ तासांच्या मर्यादेशेजारी ठेवून 'मर्यादेत' म्हणणे ही जुनी युक्ती आहे.

कोणती गावे, कोणते तुलनेचे गाव

समितीने सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा. संशोधक नकाशावर केंद्राभोवती पाच-दहा किलोमीटरची वर्तुळे काढतात. पण ५०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या संचांची चिमणी २७५ मीटरची असते. तिचा धूर वाऱ्याच्या दिशेने बराच पुढे जाऊन जमिनीवर उतरतो. चिमणीच्या पायथ्याच्या गावाला चिमणीपेक्षा कोळशाच्या साठ्याची धूळ आणि एप्रिल-मेमध्ये सुकलेल्या तळ्यावरून उडणारी राख जास्त त्रास देते. वर्तुळात पायथ्याचे गाव आणि धूर उतरतो ते गाव, ही दोन्ही एकाच खात्यात पडतात. कोणत्या महिन्यात कुठून वारा येतो, वाळत घातलेले कपडे कधी काळवंडतात, राखेचे डंपर कोणत्या रस्त्याने जातात, हे गावाने स्वतः नकाशावर काढून द्यावे.

तुलनेचे गाव म्हणजे केंद्राचा त्रास नसलेले गाव. ते नुसते दूर असून भागत नाही. त्या गावाजवळ उघडी कोळसा खाण किंवा सिमेंटचा कारखाना असेल तर दोन्हीकडे दमा सारखाच दिसेल आणि निष्कर्ष निघेल, 'केंद्राचा परिणाम नाही'. चंद्रपूर जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी भूजलातच फ्लोराइड आहे. दातांवरचे डाग आणि हाडांचे दुखणे राखेच्या खात्यात टाकले, तर एका पाणी-अहवालाने सगळी पाहणी खोटी ठरवता येते. चूल, विडी आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) यांचे प्रश्न हवेतच. 'तंबाखू खाता का?' असे विचारले तर खर्रा खाणारा सरळ 'नाही' म्हणतो. नाव घेऊन विचारायला लावा.

घरांची संख्याही विचारा. तुलनेच्या गावात १०० पैकी १० जणांना आणि केंद्राजवळ १५ जणांना त्रास आहे असे धरले, तर हा फरक बऱ्यापैकी खात्रीने पकडायला दोन्हीकडे प्रत्येकी सुमारे ७०० माणसे लागतात. दोनशेंच्या पाहणीत तो निसटण्याचीच शक्यता जास्त. कर्करोगासाठी तर एखाददुसऱ्या गावाचे आकडे पुरतच नाहीत. तिथे मृत्यू नोंदवही आणि रुग्णालयाच्या नोंदींवरून मोठ्या परिसराचे, अनेक वर्षांचे काम करावे लागते. आणि ज्या गल्लीत रुग्ण जास्त दिसले तिच्याभोवती नंतर रेघ मारायची नाही. रेघ आधी, मोजणी नंतर.

नमुने घेताना

समितीचा एक माणूस प्रत्येक दिवशी सोबत असावा. पाण्यातले शिसे, आर्सेनिक तपासायचे तर बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणतात. फ्लोराइडसाठी वेगळी प्लास्टिक बाटली लागते आणि तिच्यात आम्ल घालत नाहीत. एकाच बाटलीत सगळे भरले जात असेल तर तिथेच थांबवा. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच पाण्याची दुसरी बाटली) आणि दिवसाला एक शुद्ध पाण्याची कोरी बाटली, दोन्ही प्रयोगशाळेला न सांगता पाठवा. फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या फुंकण्याच्या तपासणीत किमान तीन नीट फुंकर हव्यात आणि पहिल्या सेकंदातल्या हवेच्या दोन सर्वोत्तम मापांत १५० मिलिलीटरपेक्षा जास्त फरक नको. रांग वाढली की एकाच फुंकरीवर भागवले जाते. त्या दिवशी सर्दी-खोकला असलेल्यांना दुसरी तारीख द्या.

निकाल सांगणे

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड येथे प्लुटोनियम बनत असे. १९४० च्या दशकात तिथून सुटलेले किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावर आणि गाईच्या दुधातून मुलांच्या थायरॉइडपर्यंत गेले. सुमारे ३,४०० जणांच्या तपासणीचा मसुदा जानेवारी १९९९ मध्ये जाहीर झाला: किरणोत्साराची मात्रा आणि आजार यांचा संबंध आढळला नाही. तिथे नागरिक आणि आदिवासी जमातींचे प्रतिनिधी असलेली सल्लागार उपसमिती होती. तरीही लोक भडकले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या परीक्षणात कामाचे कौतुक झाले, पण निष्कर्ष आकडेवारीला पेलेल त्याहून ठामपणे मांडला, असा ठपकाही आला.

म्हणून 'आढळले नाही' या शब्दांशेजारी एक वाक्य सक्तीचे करा: ही पाहणी किती मोठा परिणाम पकडू शकली असती. ३०० जणांत एकही रुग्ण सापडला नाही, तरी खरे प्रमाण शंभरात एकापर्यंत असू शकते. ते वाक्य पहिल्या पानावर हवे, परिशिष्टात नको.

गावनिहाय तक्त्यात पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तिथे आकडा न छापता शेजारच्या गावांसोबत एकत्र करा. दोनशे घरांच्या गावात 'क्षयरोग: २' असे छापले की ती दोन घरे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतात, आणि पुढच्या पाहणीला दार उघडत नाही.