मृगाआधी बदकांची अंड्याची जागा कोरडी करून घ्या

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. गोराई, मनोरी, मढच्या वाड्यांत किंवा आरेच्या पाड्यांवर ज्यांच्या परसात दोन-चार बदकं आहेत, त्यांनी त्याआधीचे आठ-दहा दिवस खुराड्यासाठी राखून ठेवावेत. एकदा झड लागली की भिंत सुकत नाही, लाकूड सुकत नाही, पेंढाही सुकत नाही. पावसाआधीचं ऊन फुकट मिळतंय, ते वापरून घ्या.

बदक पाण्यातला पक्षी, त्याला ओल चालते, असं बरेच जण धरून चालतात. पोहायला पाणी चालतं, अंडं घालायला ओली जागा चालत नाही. त्याची विष्ठा मुळातच पातळ असते. त्यात पावसाळी हवा मिळाली की चार दिवसांत पेंढ्याला बुरशी येते आणि ती श्वासातून बदकाच्या फुफ्फुसात जाते. दुसरं नुकसान अंड्याचं. कवचाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. अंडं ओल्या घाणीत पडून राहिलं की त्यातून जंतू आत शिरतात.

आधी जुनं सगळं बाहेर काढा. गादी, म्हणजे खाली अंथरलेला तुसा-पेंढ्याचा थर, खरवडून जमीन उघडी पाडा आणि घाण पूर्ण निघाल्यावरच पाणी मारा, नाहीतर नुसता चिखल होतो. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने खराट्याने घासा. कोपरे आणि अंडी घालायच्या पेटीच्या फळ्यांमधल्या फटी सोडू नका, गोचीड-पिसवा तिथेच दडतात. ब्लीचिंग पावडर वापरायची असेल तर घासून धुतल्यानंतर, आणि संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर ती चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मग दोन दिवस कडक ऊन लागू द्या. जमीन पूर्ण वाळली की विरलेल्या चुन्याची भुकटी पसरा, वर चार बोटं गादी घाला, म्हणजे चुना बदकांच्या पायांना लागणार नाही. हे होईपर्यंत बदकं दुसरीकडे ठेवावीत.

गादीला भाताचं तूस उत्तम, पेटीत वरून पेंढा. वाडा, कर्जतकडच्या भातगिरण्यांतून आत्ताच पोती आणून फळीवर, भिंतीपासून हातभर लांब रचून ठेवा. जुलैत मिळतं ते बहुतेक दमट असतं. फर्निचरच्या कामातला प्लायवूडचा भुसा मात्र नको. त्यात गोंद असतो, शिवाय तो इतका बारीक असतो की बदकं चोचीने चिवडताना गिळतात.

बदक सहसा कोंबडीसारखं वर चढत नाही, तेव्हा पेटी जमिनीवरच हवी. फूटभर रुंद, फूटभर उंच, दीड फूट खोल अशी एक पेटी तीन बदकांना पुरते. मस्कोव्ही जातीची असतील तर थोडी ऐसपैस घ्या. पुढे चार इंचांची पट्टी ठोका, पेंढा बाहेर सांडत नाही. या दिवसांत हापूसच्या लाकडी पेट्या मिळतात, त्या कामाला येतात, पण आतून हात फिरवून एकेक खिळा उपटा. बदकाच्या तळव्याला खिळा लागला की गाठ येते आणि पावसात ती बरी व्हायला फार दिवस घेते. पुठ्ठ्याचे खोके घेऊ नका. निळं पिंप आडवं कापून वापरायचं तर त्यात आधी रसायन नव्हतं याची खात्री करा आणि तळाला भोकं पाडा.

पेटी सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, पाण्याच्या भांड्यापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी. खुराड्याची जमीन अंगणापेक्षा वीतभर उंच हवी. पागोळ्यांचं पाणी आत उडत असेल तर बाहेर चर खणा. ताडपत्री बांधताना आपण वरपासून खालपर्यंत गच्च आवळतो आणि तिथेच चूक होते. छपराखाली वीतभर फट मोकळी सोडा, नाहीतर आतली वाफ आतच राहते. एका श्रावणात मी असंच गच्च बांधलं होतं. बाहेर थेंब नव्हता गळत, तरी पेटीतला पेंढा खालून काळा पडला होता. अंडी उचलताना हाताला गरम वाफ लागली, तेव्हा कळलं.

उंदीर-घुशींसाठी अर्धा इंची वेल्डमेशची लोखंडी जाळी लावा. कोंबड्यांची नेहमीची षटकोनी जाळी उंदीर सहज पार करतो. खुराडं साफ करताना गमबूट आणि हातमोजे घालाच. उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप होतो आणि आपल्याकडे तो दर पावसाळ्यात माणसं नेतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना बदकं पाळतो हे आवर्जून सांगा.

बदकं बहुतेक पहाटे अंडी घालतात. म्हणून सकाळी नऊपर्यंत कोंडून ठेवा, नाहीतर अंडी चिखलात किंवा डबक्यात जातात. खाकी कॅम्पबेल जातीचं बदक सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंड्यांवर बसत नाही, घरट्याची ओढही कमी. नव्या माद्यांच्या पेटीत, अंडी इथे घालायची ही खूण म्हणून, एक टेबल टेनिसचा चेंडू ठेवा. अंडी उजाडताच गोळा करा. जरा मळली असतील तर कोरड्या फडक्याने पुसा. धुवायचीच तर कोमट पाण्याने धुवा आणि लगेच खा. थंड पाण्यात आतला भाग आकसतो आणि घाण छिद्रांतून आत ओढली जाते. उबवायची अंडी मुळीच धुऊ नका.

पावसात रोज ओला पेंढा तेवढा काढून नवा घाला. आठवड्यातून एकदा गुडघे टेकून खाली बसा आणि नाक बदकाच्या उंचीवर न्या. उभं राहून जो वास येत नाही, तो तिथे येतो. डोळे चुरचुरले तर गादी त्याच दिवशी बदला. मुठीत दाबून बघितलेलं तूस सोडल्यावर मोकळं झालं तर ठीक, गोळा राहिला तर ओल जास्त आहे. शक्य असेल तर पेट्यांचे दोन जोड ठेवा: एक वापरात, एक पडवीत सुकत. पावसात हे केलंत तर निम्मा त्रास वाचतो.

पावसाळ्यात खाद्याकडेही लक्ष हवं, कारण पेटी स्वच्छ असूनही बदकं खराब खाद्याने मरतात. बुरशी लागलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड बदकांना फार लवकर बाधते, कोंबड्यांपेक्षा कितीतरी लवकर. वासाला कुबट लागलेलं पोतं सरळ टाकून द्या, त्यातलं चांगलं निवडत बसू नका. बदकं सुस्त झाली किंवा अचानक एकापाठोपाठ मरू लागली तर मेलेली उघड्यावर टाकू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

काढलेली जुनी गादी नाल्यात टाकू नका. एका कोपऱ्यात खड्डा करून झाकून दोन-तीन महिने कुजू द्या. दिवाळीच्या आसपास ती नारळाच्या आळ्यात घालता येईल.